खाटेखालच्या मशीनचा गुरुवार

रहाटणी,
६ एप्रिल २०२५

चि. उझ्मा,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या हैदराबादच्या खिडकीतल्या त्या मिरचीच्या रोपालाही. ईदला तू कुरुळीला आलीस. नूरबीवहिनींनी शीरखुर्म्याची तिसरी वाटी माझ्यापुढे सरकवली, तुझ्या अब्बांनी तीस वर्षं जुना तोच विनोद सांगितला, आणि या सगळ्यात मला जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर विचारलं असतं. पण फोनवर मी ‘हो हो, कळलं’ म्हणतो आणि फोन ठेवला की काहीच कळलेलं नसतं. मी आणि तुझे अब्बा रहिमान कंपनीच्या टूलरूममध्ये होतो तेव्हा तोंडी सांगितलेलं काम हातात घेत नसू. ड्रॉइंग दे, मग बोल. म्हणून हे ईमेलचं पत्र. तूही सवडीने लिहूनच उत्तर दे, म्हणजे छापून भिंतीला लावता येईल.

माझा प्रोग्राम तुला माहीत आहे. भोसरीतले अकरा छोटे वर्कशॉपवाले आपली मापाची गेजेस एकमेकांना वापरायला देतात; कोणतं गेज आज कोणाकडे आहे, ते तो सांगतो. निवृत्तीनंतर घरात बसून, चुकत माकत शिकून लिहिलेला. तीन वर्षं तो माझ्या खाटेखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतो आहे. जानेवारीपासून त्यात माझ्या बहिणीच्या, इंदूच्या खानावळीची भर पडली. कुरुळीत तिचे दीडशे डबे. कारखान्यांतली पोरं दर आठवड्याला शिफ्ट बदलतात, कोणी ओव्हरटाइमला थांबतो, कोणाचा उपास, कोणाला भाकरीच लागते. पूर्वी हे सगळं तिच्या वहीत असायचं आणि वही आमटीत पडायची. आता पोरं मोबाइलवर आपापली शिफ्ट टाकतात आणि प्रत्येक शिफ्टच्या आधी तिच्या हातात यादी येते.

आता चाकणच्या एका कंपनीला कामगार वसतिगृहासाठी डबे हवे आहेत. आणखी दोनशे, दोन जूनपासून. तिथल्या व्यवस्थापक तनुजाबाईंनी इंदूला विचारलं, यादी वेळेवर निघेल याची खात्री काय? म्हणून मी एक पान लिहून दिलं: ‘सदर मशीन गेल्या तीन वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही.’ खाली माझी सही. नोकरीच्या चौतीस वर्षांत मी न मोजता कुठल्याही तपासणीच्या कागदावर सही केलेली नाही, हे तुझे अब्बा सांगतील.

तरी दोनशे डबे वाढले की हे मशीन पुरेल का, अशी शंका येते. तुझ्या बोलण्यात एकदा ‘व्हीपीएस’ असं काहीतरी आलं होतं. इंटरनेटवर पाहिलं तर शेकड्यांनी कंपन्या, आणि प्रत्येकीचं म्हणणं आम्हीच उत्तम. ते असतं काय आणि निवडायचं कसं, ते मला समजावून सांग. इंदूसाठी हे काम मोठं आहे. पंधरा वर्षं ती त्या एवढ्याशा जागेत पाठ भिंतीला लावून पोळ्या लाटते आहे. काम मिळालं तर शेजारचा मोकळा गाळा घेणार, म्हणजे उभं राहायला जागा होईल म्हणते.

तुझी काकू विजयश्री आठवण काढते. ‘पोरीला लोणचं पोचलं का ते विचारा,’ असं दोनदा म्हणाली.

तुझा
उद्धवकाका

---

हैदराबाद,
९ एप्रिल

उद्धवकाका,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. लोणचं पोचलं आणि अर्धं संपलं, काकूंना सांगा.

तुम्ही मला काही विचारावं याचीच गंमत वाटली. दहा वर्षांची असताना तुम्ही मला व्हर्नियर वाचायला शिकवलं होतं, आणि माझ्या बोटाची जाडी मोजून वहीत लिहिली होती. आज मी सर्व्हर सांभाळायची नोकरी करते त्याची सुरुवात तिथूनच झाली असं मी इथे सगळ्यांना सांगते.

व्हीपीएस म्हणजे काय, ते कुरुळीच्या भाषेत सांगते. मोठ्या इमारतीत खूप ताकदीची मशीन्स ठेवलेली असतात. लाइट गेली तर जनरेटर, तापलं तर एसी, आणि चोवीस तास माणसं राखणीला. त्या मशीनचे भाग पाडून भाड्याने देतात. सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे कॉट बेसिस: एका खोलीत आठ जण, शेजारचा घोरला की तुमची झोप गेली. सगळ्यात महाग म्हणजे अख्खा बंगला. व्हीपीएस या दोन्हींच्या मधलं. इमारत दुसऱ्याची, पण खोली तुमची, कडी तुमची, आत काय मांडायचं ते तुम्ही ठरवायचं. तुमचा प्रोग्राम तुमचाच राहतो, फक्त राहायला जागा बदलते.

किती मोठी खोली हवी ते मी अंदाजाने सांगणार नाही, नाही तर तुम्ही मला टूलरूमबाहेर काढाल. खाटेखालचं मशीन स्वतःची नोंद ठेवत असतं: केव्हा सुरू झालं, किती काम आलं, किती मेमरी लागली. गेल्या वर्षभराच्या नोंदीची फाइल पाठवा. मोजून सांगते.

तुमची
उझ्मा

---

रहाटणी,
१३ एप्रिल

चि. उझ्मा,

कॉट बेसिसचं वाचून काकू इतकी हसली की चहा उतू गेला.

फाइल जोडली आहे. मी स्वतः ती उघडून पाहिलेली नाही, एवढे आकडे पाहून डोळे गरगरतात. पण वर्षभर न चुकता लिहिते आहे, यावरूनच मशीनचा स्वभाव कळावा.

तुझं मोजून होईपर्यंत मी आपला विचार करून ठेवला आहे. सोळा जीबी मेमरीचा व्हीपीएस घ्यावा. प्रेस निवडताना आम्ही कामाला लागेल त्याहून जास्त टनाची घेत असू. मशीनने कधी कण्हता कामा नये. रहिमानला सांगितलं तर तो गॅरेजमधून टेम्पोखालूनच ओरडला, ‘डबे नेतोयस की क्रेन उचलतोयस?’ पण त्याचं काय ऐकायचं. त्याच्या फोनमध्ये माझं नाव अजून ‘नवीन’ असंच आहे, मी नंबर बदलल्यापासून.

इंदूला मी म्हटलं, आपल्या बाजूने काही कमी पडणार नाही. ती म्हणाली, ‘दादा, तुझ्यावर सोडलंय.’ एवढंच. ती मोठं बोलत नाही, पण कढई घासायचं थांबून बोलली.

उद्धवकाका

---

हैदराबाद,
१९ एप्रिल

उद्धवकाका,

आधी सोपी गोष्ट. तुमच्या मशीनला सगळ्यात गर्दीच्या क्षणीसुद्धा एक जीबी मेमरी लागलेली नाही. दोनशे डबे वाढले तरी दोन जीबीचा सर्व्हर पुरून उरेल. वीस टनाच्या कामाला तुम्ही तीस टनाची प्रेस लावाल, तीनशेची नाही. छोटा डाय, म्हणजे साचा, राक्षसी प्रेसवर लावला की चिरडतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

आता दुसरी गोष्ट. मी ती तीनदा तपासली, मग लिहिते आहे.

काका, तुमचं मशीन दर गुरुवारी बंद असतं. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास गप्प होतं आणि साडेचारनंतर पुन्हा बोलायला लागतं. वर्षातल्या बावन्न गुरुवारांपैकी त्रेचाळीस. बाकी सहा दिवसांत एक मिनिटाचाही खंड नाही.

तुम्ही त्याला विश्रांती म्हणून बंद करत असाल, किंवा उन्हात तापतं म्हणून, किंवा विजेचं बिल पाहून, तर ते समजण्यासारखं आहे. पण चाकणच्या कंपन्यांना रविवारी सुट्टी असते. गुरुवारी त्यांच्या तिन्ही शिफ्ट चालतात. इंदूआत्याच्या दोनशे डब्यांना गुरुवारीही यादी लागेल.

उझ्मा

---

रहाटणी,
२० एप्रिल

उझ्मा,

मी मशीन बंद करत नाही. बिल पाहून तर नाहीच.

रहाटणीत गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे खरं, पण घरात इन्व्हर्टर आहे आणि मशीन त्यावर आहे. गुरुवारी सकाळी मी तळेगावला जातो, आमच्या जुन्या फोरमनकडे, ज्योतीरामकडे. भोसरीतल्या कंपनीला गुरुवारची सुट्टी असायची. चौतीस वर्षं ती अंगात मुरली आहे, त्या दिवशी पाय घरात ठरत नाहीत. संध्याकाळी सहाला परत येतो तेव्हा मशीनचा हिरवा दिवा लागलेला असतो. तीन वर्षांत एकाही वर्कशॉपवाल्याची तक्रार नाही.

तुझं कुठेतरी चुकलं असेल. परत मोज.

येत्या गुरुवारी मी तळेगावला जाणार नाही.

उद्धवकाका

---

रहाटणी,
२५ एप्रिल

चि. उझ्मा,

तुझं मोजमाप बरोबर होतं. मागच्या पत्रात मी जरा तोऱ्यात लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस.

काल गुरुवार. ज्योतीरामला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि पेपर घेऊन त्याच खाटेवर बसलो. नऊ चाळीसला लाइट गेली. इन्व्हर्टरने शीळ घातली, पंखा फिरत राहिला, खाली हिरवा दिवाही तसाच. मी मनात म्हटलं, बघ पोरी. तेवढ्यात तुझी काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, ‘जरा पाय वर घ्या.’ मी घेतले. ती वाकली, खाटेखाली हात घातला आणि मशीनचा प्लग काढला. मग जशी आली तशी परत निघाली.

मी विचारलं, ‘हे काय केलंस?’

‘प्लग काढला. दर गुरुवारी काढते. नाही तर पंखा दोन तासही टिकत नाही. लाइट आली की लावते परत.’

‘आणि वर्कशॉपवाले?’

ती दारात थांबली. म्हणाली, ‘गुरुवारी भोसरी बंद असते, हे लग्न झाल्यापासून तुम्हीच सांगत आलात ना?’

मी खाटेवर बसूनच हिशेब मांडला. वर्कशॉपं बंद, म्हणून तक्रार नाही. मी तळेगावला, म्हणून मला पत्ता नाही. आणि प्लग लावला की मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सोय मीच करून ठेवली होती, मोठ्या हुशारीने. रागवावं तर कोणावर? उन्हाळ्याच्या दुपारी एकटीने घरात बसणाऱ्या बाईने पंखा चालू ठेवला, यात गुन्हा काय? उलट तीन वर्षं गुरुवारच्या दुपारी घरात काय चालतं हे मी कधी विचारलं नाही, हे मला काल कळलं.

पण ते पान. ‘एकदाही बंद पडलेलं नाही.’ खाली माझी सही. उझ्मा, मी न मोजता सही केली. लहानपणी चाळीत कोणाची वाटी फुटली की ज्याच्या हातून फुटली त्यानेच जाऊन सांगायचं, अशी आमच्या आईची शिस्त होती. मला तनुजाबाईंकडे जाऊन ते पान परत घ्यायला हवं. आणि ते घेतलं की इंदूचं काम जाईल, याची भीती वाटते. ती कढई घासायचं थांबून बोलली होती.

तिला अजून सांगितलेलं नाही.

उद्धवकाका

---

हैदराबाद,
२७ एप्रिल

उद्धवकाका,

मीच चुकले. बिलाचं लिहायला नको होतं. तुम्हाला लागलं असणार.

एक गोष्ट सांगते, जी अब्बांनाही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या सगळ्या माहितीची रोज एक प्रत काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. दर सोमवारी मी कागदावर लिहून द्यायची, प्रत ठीक आहे. एकदा तिची गरज पडली आणि उघडली, तर आत काही नव्हतं. रिकामी. पाच महिन्यांची रिकामी. मी प्रत तयार झाली का एवढंच बघत होते, उघडून कधीच पाहिली नव्हती. साहेबांना सांगायला मी आठवडा घेतला. त्या आठवड्यात डबा तसाच परत यायचा. सांगितलं त्या दिवशी दोन वेळा जेवले.

म्हणून म्हणते, जा. आधी आत्याकडे जा. आणि मला एक कोडं सुटत नाही, ते तिलाच विचारा. जानेवारीपासून ती तुमचा प्रोग्राम वापरते, आणि दुसऱ्या शिफ्टची यादी दुपारी बाराला निघते. मग इतके गुरुवार तिला यादी मिळालीच नसणार. ती काही बोलली कशी नाही?

तोवर सर्व्हर निवडायला लागा. जाहिराती वाचू नका. दोन जीबीचा, महिन्याच्या भाड्याचा, पटला नाही तर सोडता येईल असा. मशीन मुंबईत असलेलं बरं. परदेशातलं असेल तर प्रत्येक हाकेला उत्तर यायला वेळ लागतो. आणि पुढचं सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. कंपनीत सुटे भाग पुरवणारा नवा व्हेंडर घेताना तुम्ही काय करायचात? तेच करा.

उझ्मा

---

हैदराबाद,
१० मे

काका,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. अब्बा म्हणाले, परवा गुरुवारी तुम्ही कुरुळीत दिसलात, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, आणि त्यांच्या गॅरेजसमोरून न थांबता गेलात. ते म्हणतात, ‘उद्धव माझ्या दारावरून चहा न घेता गेला, म्हणजे एक तर त्याचं लग्न ठरलंय नाही तर त्याने काहीतरी तोडलंय.’

मी काही सांगितलेलं नाही. फक्त बरे आहात एवढं लिहा.

उझ्मा

---

रहाटणी,
१८ मे

चि. उझ्मा,

बरा आहे. लिहायला उशीर झाला, कारण आधी सगळं मोजून पुरं करायचं होतं.

त्या गुरुवारी आधी इंदूकडे गेलो. दुपारची बाराची वेळ मुद्दाम निवडली. बघतो तर ती वही उघडून बसलेली, चष्मा नाकावर, तोंडाने नावं पुटपुटत. मी म्हटलं, इंदू, तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. आणि सगळं सांगितलं: काकूचा प्लग, त्रेचाळीस गुरुवार, माझं पान. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही नवं कळल्याची खूणच दिसेना.

शेवटी म्हणाली, ‘दादा, गुरुवारी तुझ्या मशीनला सुट्टी असती, ते मला ठाऊक आहे की.’

मी म्हटलं, सुट्टी?

‘तुमच्या भोसरीला गुरुवारची सुट्टी. तुझी गुरुवारची सुट्टी. मला वाटलं, मशीनलाही तू तीच लावली असशील. तू एवढा शिस्तीचा. म्हणून बुधवारीच सगळ्यांना तोंडी विचारून ठेवते मी.’

पोरी, मी तिची वहीच ओढून पाहिली. चार महिने ही बाई दर गुरुवारी वहीवर, अंदाजाने दुसऱ्या शिफ्टचे डबे भरते आहे. कमी पडू नये म्हणून दहा-बारा माणसांच्या पोळ्या जास्तीच्या लाटते. आणि त्या उरल्या की शेजारी रहिमानच्या गॅरेजमध्ये पाठवते. इतक्यात रहिमान स्वतःच आला, मला जाब विचारायला. त्याला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा पाहायला हवा होतास. म्हणाला, ‘म्हणजे गुरुवारच्या त्या पोळ्या उरलेल्या होत्या? मी नूरबीला सांगत होतो, इंदुताईचा आपल्यावर किती जीव आहे.’

इंदू म्हणाली, ‘जीव आहेच. पोळ्या उरलेल्या होत्या.’

पण पानाचं ओझं होतंच. तिघांनी मिळून चहा घेतला आणि मी एकटा वसतिगृहाच्या ऑफिसात गेलो. तनुजाबाई तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी उभ्यानेच सांगितलं, बाई, माझ्या पानावर चुकीचं लिहिलं आहे, मी ते परत घ्यायला आलोय, त्यात माझ्या बहिणीचा दोष नाही. त्यांनी फाइल काढली, पान शोधलं, वाचलं. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं. मग म्हणाल्या, ‘काका, इंदुताईंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलंय, गुरुवारी यादी नसते, गुरुवारी वही असते. म्हणूनच मी खात्री मागत होते. मला फक्त गुरुवारचं सांगा.’

मी पान परत मागितलं. त्यांनी दिलं. ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हटलं, दोन जूनपासून गुरुवारीही यादी निघेल. त्या म्हणाल्या, ‘पहिला गुरुवार पाच जून. त्या दिवशी यादी बाराला आली तर डबे तुमच्याकडे कायम. नाही आली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, दोनशे पोरं उपाशी ठेवता येत नाहीत.’ रास्त बोलल्या.

आता व्हेंडरचं. तुझं म्हणणं पटलं. कंपनीत आम्ही नव्या व्हेंडरला आधी थोडे नग करायला देत असू, पहिला नग तपासून पास झाला तरच पुढचा लॉट. म्हणून तीन ठिकाणी एकेक महिन्याची खोली घेतली. तिन्हीकडे तोच प्रोग्राम, तेच काम. आणि तिघांनाही एका गुरुवारी सकाळी अकराला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकच पत्र पाठवलं: तुम्ही बंद केव्हा असता? आणि मी सोडून जायचं म्हटलं तर माझं सामान मला कसं नेता येईल?

पहिला परदेशातला, भाडं कमी. हाकेला उत्तर उशिरा, आणि पत्राला आलं ते जाहिरातीचं: आम्ही कधीच बंद पडत नाही. ते वाचलं आणि खिशातलं पान आठवलं. दुसरा मुंबईतला, चपळ. पण सामान कसं न्यायचं यावर चार दिवसांनी उत्तर आलं ते सवलतीच्या कूपनचं. तिसरासुद्धा मुंबईतला. चाळीस मिनिटांत एका माणसाने लिहिलं: गेल्या वर्षी आम्ही दोनदा बंद पडलो, कारणं अमुक ठिकाणी लिहिली आहेत, एकोणतीस जूनला, रविवारी दुपारी दोन ते चार दुरुस्तीसाठी बंद असू, आणि सामान न्यायची पद्धत ही अशी, पायरीपायरीने.

रविवारी दुपारी माझ्या वसतिगृहातल्या पोरांना सुट्टी. आणि जो आपली सुट्टी आधी सांगतो, त्याच्यावर माझा भरवसा बसतो. तिसरा घेतला आहे. दोन जीबीचाच. रहिमानला सांगू नकोस, क्रेनवरून उगाच चिडवेल.

तुझा
उद्धवकाका

---

हैदराबाद,
२१ मे

उद्धवकाका,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. भाषांतर करून. ‘जीव आहेच, पोळ्या उरलेल्या होत्या’ हे वाक्य आता इथे चालू झालंय.

निवड पक्की आहे, मीही तोच घेतला असता. दोनच गोष्टी. सर्व्हर सुरुवातीला बहुतेक विलायती घड्याळावर चालतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. ते घड्याळ आपल्या वेळेवर आणा, नाही तर पहिल्या शिफ्टला तो रात्रपाळीचे डबे देईल. आणि खाटेखालचं मशीन फेकू नका. रोज सर्व्हरवरच्या माहितीची एक प्रत त्याने घरी उतरवून घ्यायची. आणि महिन्यातून एकदा तुम्ही ती उघडून बघायची, काका. बघायचीच. हे मी कोणत्या तोंडाने सांगते ते तुम्हाला माहीत आहे.

सात जूनला बकरी ईद. मी सहाला पोचते.

उझ्मा

---

रहाटणी,
५ जून, गुरुवार

चि. उझ्मा,

हे पत्र कागदावर लिहितो आहे. लाइट गेली आहे. आली की टाइप करून पाठवीन. तू निघायच्या आधी मिळावं.

घड्याळ आपल्या वेळेवर आणलं. खाटेखालचं मशीन रोज प्रत उतरवतं. रविवारी मी ती उघडून पाहिली, गेजेस आणि डबे दोन्ही जागच्या जागी होते. सोमवारपासून साडेतीनशे डबे निघत आहेत. इंदूने शेजारच्या गाळ्याची चावी घेतली आहे, पण त्यात अजून सामान हलवलेलं नाही. म्हणाली, ‘गुरुवार जाऊ दे.’

तो आजचा गुरुवार. मी तळेगावला गेलो नाही. बाराचे साडेबारा झाले, एक झाला. इंदूला फोन करावासा वाटत होता, पण फोन केला आणि यादी आलेली नसली तर मी इथून करणार काय? सर्व्हर मुंबईत, इंदू कुरुळीत, मी या खाटेवर. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीच नव्हतं. काकू म्हणाली, जेवून घ्या. अर्धी पोळी खाल्ली.

दोनला फोन वाजला. झडप घालून उचलला. पण इंदू नव्हती, तुझे अब्बा होते, आणि चिडलेले होते.

‘काय रे उद्धव,’ म्हणाले, ‘आज पोळ्या आल्या नाहीत.’

मी म्हटलं, परत बोल.

‘पोळ्या. गुरुवारच्या. माणूस पाठवला तर इंदुताई म्हणते, आज यादीबरहुकूम लाटल्या, एकसुद्धा उरली नाही. सगळे डबे कधीच गेले. मी जेवायचं काय? नूरबीने माझ्यासाठी भातच लावलेला नाही.’

मी त्याला म्हटलं, रहिमान, तुला संध्याकाळी मी स्वतः पोळ्या आणून देतो. तो म्हणाला, आण, आणि चहा पिऊनच जा या वेळी. मग मी उरलेली अर्धी पोळी खाल्ली, आणखी एक मागितली.

तासाभराने इंदूचाही फोन आला. यादीबद्दल बोललीच नाही. नव्या गाळ्यात ओटा कोणत्या भिंतीला घ्यावा, ते विचारत होती. खिडकीच्या, असं मी सांगितलं.

अजून लाइट आलेली नाही. पंखा मात्र सकाळपासून फिरतो आहे. दहा वाजता काकू आली होती, ‘जरा पाय वर घ्या’ म्हणाली. मी म्हटलं, थांब, तुझी कंबर दुखते. आणि खाली वाकून प्लग मीच काढला.

तुझा
उद्धवकाका